दोन तबकड्यांची झुंज

घरातील जुने कपाट आवरताना एखादे वेळी एक चकचकीत तबकडी हाती लागते. ती उन्हात धरली, की तिच्या पृष्ठभागावर इंद्रधनुष्याचे रंग खेळू लागतात. लहान मुले तिचा कवडसा भिंतीवर पाडून खेळतात. एखादा शेतकरी पाखरे बुजावीत म्हणून ती दोरीला बांधून शेतात टांगतो. आज अशा रीतीने कामाला लागलेल्या ह्या तबकडीवर एके काळी गाणी, चित्रपट आणि घरोघरचे समारंभ साठवलेले असत. इतकेच नव्हे, तर तिचे पुढचे रूप कसे असावे, ह्या एका प्रश्नावरून जगातील मोठमोठ्या कंपन्यांत काही वर्षे अटीतटीची झुंज चालली होती. ती झुंज कशी झाली, कोण जिंकले, कोण हरले आणि अखेरीस जिंकणाऱ्याच्याही पदरात काय पडले, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

प्रथम ह्या तबकडीचे रहस्य समजून घेऊ. ग्रामोफोनच्या तबकडीवर एक नागमोडी खाच असते आणि त्या खाचेतून सुई फिरली, म्हणजे गाणे ऐकू येते. १९८२ साली हॉलंडमधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी ह्या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी बाजारात आली. तिच्यावर सुई टेकतच नाही. तिच्या अंतर्भागात अतिसूक्ष्म खळग्यांची एक रांग असते आणि ती रांग मध्यापासून कडेकडे चक्राकार फिरत जाते. ह्या रांगेवर लेसरचा बारीक किरण सोडला, म्हणजे सपाट भागावरून तो चांगला परावर्तित होतो आणि खळग्यावरून मंद होऊन परततो. परावर्तनातील हे फेरबदल यंत्र टिपून घेते, त्यांचे आकड्यांत रूपांतर करते आणि त्या आकड्यांतून पुन्हा सूर किंवा चित्र निर्माण करते. सुईचे घर्षण नाही, म्हणून झीज नाही. हा ह्या युक्तीचा मोठाच लाभ होता.

सीडीचा व्यास अवघा १२ सेंटिमीटर. परंतु तिच्यावरील रांग उलगडून सरळ मांडली, तर ती पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल! रांगेच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये १·६ मायक्रोमीटर अंतर असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर धरली, तर तेवढ्या जागेत असे चाळीसहून अधिक फेरे मावतात. पुढे १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. तिचा आकार तोच होता, परंतु फेऱ्यांतील अंतर ०·७४ मायक्रोमीटरपर्यंत खाली आले होते. त्यामुळे तिच्यावर सीडीच्या सुमारे सातपट माहिती मावू लागली आणि एक संपूर्ण चित्रपट एका तबकडीवर सुखाने बसू लागला.

आता तुम्ही विचाराल, की फेरे आणखी जवळ आणून आणखी माहिती का साठवू नये? येथे प्रकाशाचाच एक नियम आडवा येतो. जाड टोकाच्या बोरूने बारीक अक्षर काढता येत नाही. बारीक अक्षरासाठी टोकही बारीक लागते. प्रकाशाचेही तसेच आहे. त्याची तरंगलांबी जितकी अधिक, तितका त्याचा ठिपका मोठा. मोठा ठिपका जवळजवळच्या दोन ओळींवर एकदम पडतो आणि मग यंत्राला कोणतीच ओळ धड वाचता येत नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण वापरीत. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण आला. ह्याहून बारीक लेखणी हवी असेल, तर वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगाकडे जाणे भाग होते.

परंतु निळा प्रकाश देणारा लहानसा अर्धवाहक बनवणे अतिशय कठीण होते. अनेक संशोधकांनी तो नाद सोडून दिला होता. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा ह्या तीन शास्त्रज्ञांनी मात्र गॅलियम नायट्राइड ह्या पदार्थावर चिकाटीने काम केले. १९९३ साली नाकामुरा ह्यांनी जपानमधील निचिया ह्या कंपनीत प्रखर निळा दिवा सिद्ध करून दाखवला आणि त्याच मार्गाने पुढे निळ्या-जांभळ्या लेसरचाही लाभ झाला. निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल ह्या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या नव्या लेसरच्या किरणाची तरंगलांबी होती केवळ ४०५ नॅनोमीटर. बारीक लेखणी हाती आली होती!

ह्याच सुमारास दूरचित्रवाणीचे संचही बदलू लागले होते. आपल्याकडील पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके मिळून बनते, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपक्यांचे. नव्या अतिस्पष्ट, म्हणजे हाय डेफिनिशन चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. हा गुणाकार तुम्ही स्वतः करून पाहा. उत्तर येईल २०,७३,६००, म्हणजे पहिल्या संख्येच्या बरोबर पाचपट! एवढा मोठा ऐवज ठेवण्यास डीव्हीडीची कोठी अपुरी पडू लागली. नवी तबकडी हवी, ह्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. दुमत झाले ते ती कशी असावी, ह्याविषयी.

२००२ च्या फेब्रुवारीत सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग आदी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ब्लू-रे नावाची पद्धती जाहीर केली. त्याच वर्षी तोशिबा आणि एनईसी ह्या जपानी कंपन्यांनी आपली वेगळी पद्धती पुढे मांडली. तिलाच पुढे एचडी डीव्हीडी हे नाव मिळाले. दोन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटर, दोन्हींचा किरण निळा-जांभळा आणि दोन्हींवरील चित्रही सारखेच स्पष्ट. दुकानातील गिऱ्हाइकास त्या शेजारी ठेवून दाखवल्या असत्या, तर त्याला भेद ओळखता आला नसता. मग मतभेद होता तरी कोठे?

तो होता तबकडीच्या वरच्या पारदर्शक थराच्या जाडीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी नाणे टाकून तिरके पाहिले, तर नाणे आपल्या जागेवरून सरकल्यासारखे दिसते. पाणी जितके खोल, तितका हा भ्रम अधिक. तबकडी फिरताना किंचित कलते, तेव्हा लेसरच्या किरणाचेही असेच होते. पारदर्शक थर जाड असेल, तर ठिपका अधिक विस्कटतो. म्हणून ब्लू-रेच्या निर्मात्यांनी हा थर अवघा ०·१ मिलिमीटर जाडीचा ठेवला आणि अधिक प्रभावी भिंग वापरून ठिपका फारच लहान केला. त्यामुळे फेऱ्यांतील अंतर ०·३२ मायक्रोमीटरवर आले. एका केसाच्या जाडीत दोनशेहून अधिक फेरे! अशा तबकडीच्या एका थरात २५ गिगाबाइट माहिती मावू लागली. एवढ्याच आकाराच्या डीव्हीडीच्या एका थरात केवळ ४·७ गिगाबाइट मावत असत.

तोशिबाचे म्हणणे निराळे होते. थर डीव्हीडीप्रमाणेच ०·६ मिलिमीटर ठेवला, तर डीव्हीडीचे जुने कारखानेच थोड्या फेरफाराने नवी तबकडी तयार करू शकतील. खर्च वाचेल आणि तबकडी स्वस्त पडेल. मात्र अशा तबकडीच्या एका थरात १५ गिगाबाइटच मावत. शिवाय ब्लू-रेच्या पातळ थरावर ओरखडे पडण्याचे भय होते. प्रारंभी तर ती तबकडी एका डबीत घालून ठेवावी लागे. पुढे टीडीके कंपनीने अतिशय कठीण लेप शोधून काढला, तेव्हा डबीची गरज उरली नाही. सारांश, एका पक्षाच्या बाजूला अधिक साठवण, तर दुसऱ्याच्या बाजूला काटकसर. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. असे असते, तेव्हाच भांडण मिटणे अवघड जाते.

अशी झुंज काही पहिलीच नव्हती. १९७५ साली सोनीने बेटामॅक्स नावाची चित्रफीत बाजारात आणली आणि १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस नावाची दुसरी. आरंभीच्या बेटामॅक्स फितीवर एक तासाचेच चित्रण बसे, तर व्हीएचएसवर दोन तासांचे. चित्रपट तर एका तासात संपत नाही! शिवाय जेव्हीसीने आपली पद्धती इतर अनेक कारखानदारांना वापरू दिली. अखेर व्हीएचएसने बाजार जिंकला. आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकात रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणून आळीतील सारी मंडळी एकत्र चित्रपट पाहत, ते बहुतेक ह्याच फितींवर. ह्या उलट, डीव्हीडीच्या वेळी शहाणपणा दाखवला गेला होता. तेव्हाही दोन पक्ष पडले होते, परंतु संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी एकच पद्धती हवी असा आग्रह धरला आणि १९९५ साली तडजोड झाली. म्हणूनच डीव्हीडी जगभर झपाट्याने पसरली.

२००५ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी ह्यांच्या पक्षांतही बोलणी झाली. परंतु थर ०·१ मिलिमीटर ठेवायचा की ०·६, ह्या प्रश्नावर कोणीच मागे हटेना. बोलणी फिसकटली. अर्ध्या मिलिमीटरच्या भेदापायी सारे जग दोन तटांत विभागले गेले!

२००६ च्या मार्च महिन्यात एचडी डीव्हीडीचे यंत्र जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत विक्रीस आले. तेथे त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर होती. जूनमध्ये ब्लू-रेचे पहिले यंत्र अमेरिकेत आले, ते सुमारे १,००० डॉलरांना. काटकसरीचा पक्ष पुढे निघाला, असेच कोणासही वाटले असते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ हे खेळाचे यंत्र बाजारात आणले आणि त्यातच ब्लू-रे वाचण्याची सोय करून दिली. मुले ते खेळासाठी मागत आणि त्याबरोबर ब्लू-रेचे यंत्र आपोआप घरात येई. प्रतिपक्षाच्या बाजूने मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळाच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा जोड काढला, पण तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे.

तथापि केवळ यंत्र घेऊन भागत नाही. त्यावर पाहण्यास चित्रपट हवेत. म्हणून खरी ओढाताण चालली ती हॉलिवूडमधील चित्रसंस्थांसाठी. सोनीने १९८९ सालीच कोलंबिया ही चित्रसंस्था विकत घेतली होती. त्यामुळे तिचे चित्रपट ब्लू-रेलाच मिळाले. डिस्ने आणि फॉक्स ह्याही त्याच बाजूला होत्या. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे होती. पॅरामाउंट आरंभी दोन्हीकडे होती, पण २००७ च्या ऑगस्टमध्ये तीही एचडी डीव्हीडीकडे गेली. वॉर्नर ब्रदर्स मात्र दोन्ही प्रकारच्या तबकड्या काढीत राहिली.

ह्या सगळ्यात सामान्य गिऱ्हाइकाची अवस्था कशी झाली असेल, ह्याचा विचार करा. एका पद्धतीचे यंत्र घेतले, की दुसऱ्या बाजूचे चित्रपट पाहता येत नाहीत. दोन्ही घ्यावीत, तर खर्च दुप्पट. आज घेतलेले यंत्र उद्या निरुपयोगी ठरले तर काय, हे भय निराळेच. म्हणून पुष्कळ लोकांनी शहाण्यासारखा एक निर्णय घेतला. तो म्हणजे काहीच विकत न घेण्याचा! तोशिबाने २००७ च्या नोव्हेंबरात आपले एक यंत्र अमेरिकेतील काही दुकानांतून १०० डॉलरांहूनही कमी किमतीस विकले, तरी गिऱ्हाइकांच्या मनातील शंका फिटली नाही.

अखेर पारडे फिरले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रे काढण्याचे जाहीर केले. नंतरच्या महिन्यात नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट ह्या मोठ्या विक्रेत्या व भाड्याने तबकड्या देणाऱ्या संस्थांनीही ब्लू-रेचीच कास धरली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीची निर्मिती थांबवत असल्याचे घोषित केले. विक्री सुरू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी विश्वासाने ती यंत्रे घेतली होती, त्यांच्या घरी ती शोभेची वस्तू बनून राहिली. बेस्ट बायने आपल्याकडून असे यंत्र घेणाऱ्या गिऱ्हाइकांना ५० डॉलरांची भेट देऊन त्यांची थोडीफार समजूत घातली. पुढील वर्षी तोशिबा स्वतःच ब्लू-रेच्या संघात सामील झाली.

येथे कथा संपली असे वाटेल, पण खरा बोध पुढेच आहे. दोन मल्ल आखाड्यात एकमेकांशी झुंजत असताना तिसराच कोणी येऊन बक्षिसाची थैली उचलून न्यावी, तसे ह्या झुंजीत झाले. टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ च्या जानेवारीत, म्हणजे झुंज ऐन भरात असताना, इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवण्यास प्रारंभ केला. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परंतु इंटरनेटचा वेग वाढत गेला, तसतशी लोकांना तबकडी आणण्याची, जपण्याची आणि यंत्रात घालण्याची गरज वाटेनाशी झाली. ब्लू-रे जिंकली खरी, पण डीव्हीडीला लाभले तसे साम्राज्य तिच्या वाट्यास आले नाही. २०१६ साली तिचे १०० गिगाबाइटपर्यंत माहिती साठवणारे अधिक प्रगत रूप निघाले. तरीही तबकड्यांची मागणी घटतच गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे बंद केले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने घरी चित्रण करण्यासाठी लागणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांची निर्मिती थांबवली.

मग तबकडी गेली, ह्याचे वाईट वाटण्याचे काही कारण आहे काय? आहे. तबकडी हे आपल्या मालकीचे पुस्तक आहे, तर इंटरनेटवरून दिसणारा चित्रपट हे वाचनालयातील पुस्तक होय. वाचनालयात ग्रंथ पुष्कळ असतात आणि वर्गणीही थोडी असते. परंतु वाचनालयाने एखादा ग्रंथ काढून टाकला, तर आपला उपाय चालत नाही. इंटरनेटवरील सेवांचे करार संपले, की काल दिसणारा चित्रपट आज दिसेनासा होतो. म्हणूनच काही रसिक अद्यापि आपल्या आवडीच्या चित्रपटांच्या तबकड्या आवर्जून जवळ बाळगतात.

परंतु नुसती तबकडी बाळगणे हेही पुरेसे नाही. सिनेमाच्या जुन्या फिल्मचा तुकडा उजेडासमोर धरला, तर त्यावरील चित्र नुसत्या डोळ्यांनी दिसते. तबकडीचे तसे नाही. तिला वाचणारे यंत्र नसेल, तर ती मुकी होते. कित्येक घरांच्या कपाटांत आई-वडिलांच्या लग्नाची व्हीएचएस फीत आजही असेल. त्या फितीत आजोबांचा आवाज असेल, आजीचे हसणे असेल. पण ती लावण्याचे यंत्र कोठे आहे? असे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ सालीच आपले काम थांबवले. जुने यंत्र नादुरुस्त झाले, की नवे मिळणे कठीण. फितीवरील चुंबकीय लेपही काळाबरोबर क्षीण होत जातो.

ह्यावर उपाय एकच, आणि तो आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. ज्ञानेश्वरीची पहिली प्रत आज आपल्याजवळ नाही. तरी ज्ञानेश्वरी आहे. कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ती नकलून ठेवली. नकलताना शिरलेल्या चुका दूर करण्यासाठी संत एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. कागद जीर्ण झाले, शाई फिकी पडली, पण ग्रंथ एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर जात जिवंत राहिला. चित्रांचे आणि ध्वनींचेही तसेच आहे. साधन जुने होण्यापूर्वीच त्यावरील ऐवज नव्या साधनावर उतरवून घेतला पाहिजे, आणि तोही एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवला पाहिजे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट जतन करण्याचे असे कार्य चालत आले आहे. घरच्या ठेव्याचे जतन मात्र घरच्यांनाच करावे लागते.

मुलांनो, निळ्या किरणाच्या दोन तबकड्यांची ही झुंज आज इतिहासजमा झाली आहे. त्यांच्या जागी जे आले, तेही उद्या जुने होईल आणि आणखी नवे येईल. साधने येतात आणि जातात. त्यांच्यात साठवलेला माणसांचा आवाज, त्यांची कला आणि त्यांच्या आठवणी मात्र पुन्हा निर्माण करता येत नाहीत. म्हणून आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारा. आपल्या कपाटात एखादी जुनी फीत किंवा तबकडी आहे काय? असेल, तर ती वाचणारे यंत्र मिळते आहे, तोवरच तिच्यातील ठेवा नव्या साधनावर उतरवून घ्या. कुंभ फुटण्यापूर्वी पाणी दुसऱ्या कुंभात ओतून ठेवणे, ह्यातच खरे शहाणपण आहे.